हुसेनसागरातला बुद्ध

१९९१ सालची दिवाळी. मी तेव्हा परभणीला शाळेत इतिहास शिकवत होतो. सुट्टी लागली आणि हैदराबादला मामांकडे गेलो. आमच्या पिढीतल्या मराठवाड्याच्या माणसाला हैदराबाद परगाव वाटत नसे. रात्री मीटरगेजच्या गाडीत बसायचं, सकाळी काचीगुड्याला उतरायचं आणि पिशवी हातात घेऊन मामांच्या घरापर्यंत चालत जायचं, इतकं ते जवळचं होतं. मामा रेल्वेतून निवृत्त झालेले. संध्याकाळ झाली की त्यांना घरात करमत नसे. त्या दिवशीही चहा झाल्यावर त्यांनी पायांत चपला सरकवल्या आणि म्हणाले, "चल, तुला बुद्ध दाखवतो."

टँकबंडवर उतरलो. ज्यांनी हैदराबाद पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, टँकबंड म्हणजे हुसेनसागर तळ्याचा बांध. त्यावरून मोठा रस्ता जातो. एका अंगाला हैदराबाद, दुसऱ्या अंगाला सिकंदराबाद. कठड्याला टेकून आम्ही उभे राहिलो. समोर पाणी, पाण्याला थोडा वास, आणि तळ्याच्या मधोमध एक काँक्रीटचा चौथरा. चौथऱ्यावर काहीच नव्हतं.

"मामा, बुद्ध कुठं आहे?"

"तिथंच आहे की," मामा म्हणाले. "पाण्याखाली."

मी ते बातम्यांत वाचलेलं होतं, पण विसरलोही होतो. पन्नास फुटांहून उंच दगडी बुद्ध तळ्याच्या तळाशी आडवा पडलेला आहे आणि त्याची जागा वर रिकामी आहे, हे डोळ्यांनी बघणं वेगळं. चणेवाला ओरडत होता. मुलं कठड्यावर चढत होती. आमच्यासारखीच आणखी काही माणसं त्या रिकाम्या चौथऱ्याकडे बोट दाखवून एकमेकांना काही सांगत होती. नसलेली मूर्ती बघायला माणसं आलेली मी तेवढ्या एकाच ठिकाणी पाहिली.

त्यानंतर मी अनेकदा हैदराबादला गेलो. मूर्ती वर आली, तिच्यासमोर बाग झाली, नावा सुरू झाल्या. दर खेपेला मी ती मूर्ती पाहून आलो. पण बुद्ध म्हटला की मला अजून आधी तो रिकामा चौथरा आठवतो. असं का, ते आज सांगायचं आहे.

आधी थोडं तळ्याविषयी. हे तळं हैदराबाद शहराहून जुनं आहे. कुतुबशाही सुलतान इब्राहिम कुली याच्या काळात, १५६२च्या सुमारास ते बांधलं गेलं. हैदराबाद वसलं १५९१ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी. तळ्याचं काम पाहिलं हुसेन शाह वली नावाच्या सूफी सत्पुरुषानं. सुलतानाला म्हणे तळ्याला आपलं नाव द्यायचं होतं, पण लोक आधीच त्याला हुसेनसागर म्हणू लागले होते, अशी गोष्ट तिकडे सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, नाव मात्र राजाचं राहिलं नाही, काम करून घेणाऱ्याचं राहिलं. आपल्याकडे हे फार क्वचित घडतं. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

आता तुम्ही म्हणाल, हैदराबाद नवाबांचं, निजामाचं शहर. तिथं बुद्ध कुठून आला? तर तो पूर्वीपासून होता, फक्त शहरात नव्हता. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. म्हणजे अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही लेणी निजामाच्या मुलखातली. हैदराबाद संस्थानानं १९१४ मध्ये पुरातत्त्व खातं काढलं. गुलाम यझदानी त्याचे संचालक झाले. अजिंठ्याची चित्रं भिंतीवरून सुटून गळत होती. ती राखण्यासाठी १९२० नंतरच्या काळात इटलीहून तज्ज्ञ बोलावले गेले. पुढे यझदानींनी अजिंठ्यावर मोठे ग्रंथ प्रसिद्ध केले. हैदराबादच्या बागेआममधल्या संग्रहालयात अजिंठ्याच्या चित्रांच्या हातानं काढलेल्या प्रती लावलेल्या मी पाहिल्या आहेत. औरंगाबादेच्या माणसाला अजिंठा हाकेच्या अंतरावर, आणि त्याची चित्रं जपण्याची काळजी चारपाचशे किलोमीटरवरच्या एका कचेरीत. इतिहासाची मौज अशी असते.

इकडे तेलुगू मुलखाचंही बुद्धाशी जुनं नातं. कृष्णेच्या काठी अमरावतीचा स्तूप, आणि तिथून वर गेलं की नागार्जुनकोंडा. तिसऱ्या-चौथ्या शतकात इक्ष्वाकू राजांची राजधानी तिथं होती. विहार होते, स्तूप होते, दूरदेशीहून भिक्षू येत होते. स्वातंत्र्यानंतर कृष्णेवर नागार्जुनसागर धरण बांधायचं ठरलं. १९५५च्या डिसेंबरात पंडित नेहरूंनी पायाभरणी केली. धरणाच्या पाण्याखाली ते सगळं खोरं जाणार होतं. म्हणून पुरातत्त्व खात्यानं घाईनं पण मोठ्या प्रमाणावर उत्खनन केलं आणि निवडक अवशेष उचलून डोंगराच्या माथ्यावर नेऊन पुन्हा उभे केले. पाणी चढलं तेव्हा त्या माथ्याचं बेट झालं. आज नावेतून तिथं जावं लागतं. म्हणजे हैदराबादच्या तळ्यात बुद्ध पडला, त्याच्या कितीतरी आधी आंध्रात बुद्धाचा एक सबंध गाव पाण्याखाली गेला होता. तो आपण समजून उमजून जाऊ दिला, कारण शेतीला पाणी हवं होतं. त्याबद्दल तक्रार करणारा मी कोण? खोऱ्यातल्या भातानं लोकांची पोटं भरली आहेत. पण गेलं ते गेलं, याची नोंद असावी.

एन. टी. रामाराव १९८३ मध्ये आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. त्याआधी जेमतेम वर्षभर त्यांनी तेलुगू देसम पक्ष काढला होता. पडद्यावर राम आणि कृष्ण साकारलेला हा नट. भव्य गोष्टींची त्यांना मुळातच हौस. तेलुगू माणसाचा अभिमान हा त्यांच्या राजकारणाचा गाभा होता. टँकबंडवर तेलुगू इतिहासातल्या थोर माणसांचे पुतळे ओळीनं उभे राहिले ते त्यांच्याच काळात, १९८६ मध्ये. अमेरिकेत त्यांनी न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहिला आणि आपल्या राजधानीतही पाण्यात उभं असं काहीतरी असावं, असं त्यांच्या मनात आलं, असं सांगतात. मग कोणाचा पुतळा? एखाद्या राजाचा केला तर दुसऱ्या राजाचे लोक नाराज. देवाचा केला तर दुसऱ्या धर्माचे. त्यांनी बुद्ध निवडला. त्यामागे अमरावती होती, नागार्जुनकोंडा होता, आणि राजकारणी माणसाचा हिशेबही असावा. बुद्धाला कोणी विरोध करत नाही.

दगडाचा शोध सुरू झाला. हैदराबादहून पन्नासेक किलोमीटरवर भोनगीर आहे. एकाच प्रचंड खडकावरच्या किल्ल्यासाठी ते प्रसिद्ध आहे. त्याच्याजवळ रायगीरच्या टेकडीत हवा तसा पांढरट ग्रॅनाइटचा अखंड दगड मिळाला. १९८५ मध्ये काम सुरू झालं. मुख्य शिल्पकार होते एस. एम. गणपती स्थपती. कन्याकुमारीचा तिरुवळ्ळुवरांचा उंच पुतळा घडवणारे व्ही. गणपती स्थपती वेगळे. नावांच्या सारखेपणामुळे पुष्कळांची गल्लत होते. सुमारे दोनशे कारागीर दोनेक वर्षं त्या दगडावर छिन्नी चालवत होते. मूर्ती झाली सुमारे ५८ फूट उंच, वजन साडेतीनशे टनांच्या घरात. उभा बुद्ध, उजवा हात उंचावलेला, भिऊ नका असं सांगणारा.

ती हैदराबादला आणणं हीच एक मोहीम होती. १९२ चाकांचा ट्रेलर लावला. १९८८च्या नोव्हेंबरात मूर्ती शहरात आली. तळ्याच्या मधोमध चौथरा बांधला गेला. लोकांनी त्याला जिब्राल्टरचा खडक असं नाव ठेवलं. आता फक्त काठावरून चौथऱ्यापर्यंतचं अंतर राहिलं होतं. रायगीरपासून इथवरच्या प्रवासापुढे ते अगदीच थोडं.

दरम्यान निवडणूक झाली. १९८९च्या अखेरीस रामाराव हरले आणि काँग्रेसचं सरकार आलं. काम मात्र थांबलं नाही. १० मार्च १९९० ला मूर्ती तराफ्यावर चढवून पाण्यात नेण्यात आली. तराफा काठापासून फार लांब गेलाही नव्हता. तो कलला आणि मूर्तीसकट उलटला. मूर्ती तळाला गेली. तराफ्यावरची माणसंही पाण्यात गेली. किमान आठ जण मेले.

आता इथं जरा थांबू या. या अपघाताविषयी मी जे जे वाचलं, त्यात मूर्तीचं वजन होतं, उंची होती, कोणत्या सरकारची चूक यावरची भांडणं होती. मूर्ती शाबूत आहे की नाही, याची काळजी होती. त्या आठ-दहा माणसांचा उल्लेख एका वाक्यात, आणि तोही वाक्याच्या शेवटी. मामांना मी त्या संध्याकाळी विचारलं, "माणसं कोण होती हो?" मामा म्हणाले, "मजूर असतील. आणखी कोण असणार?" मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "रेल्वेतही असंच असतं. पूल पडला की पुलाचं नाव छापतात."

मूर्ती पाण्यात राहिली पावणेतीन वर्षं. हैदराबादेत त्यावरून तऱ्हेतऱ्हेचं बोललं जाई. कोणी म्हणे बुद्धाला हे सगळं पसंत नव्हतं. कोणी म्हणे तळ्याला नरबळी हवा होता. गणपतीचं विसर्जनही याच तळ्यात होतं. मामांच्या शेजारच्या आजी म्हणत, विसर्जन झालेली मूर्ती परत काढू नये. त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं असे. ते म्हणत, "अहो, हे विसर्जन नव्हे, हा अपघात आहे. विसर्जनाच्या मूर्तीबरोबर माणसं बुडवत नाहीत." खरं म्हणजे तळ्याची खोली मूर्तीच्या उंचीपेक्षा कमीच. उभी राहिली असती तर मूर्ती पाण्यावर डोकं काढून दिसली असती. पण साडेतीनशे टनांचा दगड पाण्यातून उभा करणं काही सोपं नव्हतं.

१ डिसेंबर १९९२ ला ते जमलं. मूर्ती शाबूत निघाली आणि चौथऱ्यावर उभी राहिली. अभियंत्यांचं, पाणबुड्यांचं ते मोठंच काम. त्यानंतर पाचच दिवसांनी ६ डिसेंबर आला आणि अयोध्येच्या बातमीनं देश हादरला. हैदराबादेतही दंगली झाल्या. मामांचं पत्र आलं त्यात दोन्ही गोष्टी एकाखाली एक लिहिलेल्या होत्या. बुद्ध उभा राहिला. शहरात कर्फ्यू आहे, येऊ नकोस.

त्यानंतर मी गेलो तो १९९५च्या उन्हाळ्यात. तेव्हा लुंबिनी पार्क होऊन वर्ष झालं होतं. तळ्याच्या काठी, सचिवालयाच्या समोर, सातेक एकरांची ही बाग. दारात फुलांचं घड्याळ, आत कारंजी, हिरवळ, आइस्क्रीमच्या गाड्या, आणि मूर्तीकडे जाणाऱ्या नावांचा धक्का. बागेला बुद्धाच्या जन्मस्थानाचं नाव दिलेलं, पण वातावरण जत्रेचं. मला ते खटकलं, हे कबूल करतो. इतिहासाचा मास्तर ना मी. मामांना मात्र ते आवडलं. ते म्हणाले, "गरिबाला दोन रुपयांत गार हवा मिळते आहे, तुला काय त्रास?"

नावेत आमच्या समोर एक कुटुंब बसलं होतं. बोलीवरून आपल्याकडचेच वाटले, म्हणून चौकशी केली. हिंगोलीचे निघाले. आजोबा, आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. आजोबांच्या अंगावर पांढरं शुभ्र धोतर आणि सदरा, आजींची पांढरी साडी. नावेतली बाकीची मंडळी फोटोच्या तयारीत होती. नाव चौथऱ्याला लागली तशी आजोबांनी चपला काढल्या. आजींनी काढल्या. नातवंडांनाही काढायला लावल्या. उन्हानं चौथरा तापलेला होता. ते सहा जण ओळीनं उभे राहिले, हात जोडले आणि हळू आवाजात त्रिशरण म्हटलं. आजूबाजूला लोक हसत खिदळत होते. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. झाल्यावर आजोबा मला म्हणाले, "आम्ही छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरला होतो. तेव्हा मूर्ती नव्हती एवढी मोठी. माणसं होती."

परतीच्या नावेत माझ्या मनात एक शब्दाचा घोळ सुरू झाला. आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, पुतळा आणि मूर्ती. पुतळा माणसाचा, चौकातला, सरकारनं किंवा समितीनं उभारलेला. मूर्ती पूजेची. रामारावांनी उभारायला घेतला तो पुतळाच होता, राज्याच्या अभिमानासाठी, येणाऱ्या-जाणाऱ्यानं पाहावा म्हणून. पण हिंगोलीच्या आजोबांनी चपला काढल्या त्या क्षणी ती मूर्ती झाली होती. दगड तोच. इतिहासात हे पुन्हा पुन्हा होतं. उभारणारा एक मनात धरतो आणि पाहणारे त्यातून दुसरंच घेतात.

पुढे मद्रासच्या, म्हणजे आताच्या चेन्नईच्या संग्रहालयात अमरावतीची शिल्पं पाहायचा योग आला. तिथं मला जे दिसलं त्यानं माझी १९९१ची संध्याकाळ परत आणली. अमरावतीच्या सुरुवातीच्या शिल्पांत बुद्धाची आकृती नसते. भोवती माणसं हात जोडून उभी असतात, कोणी वाकलेलं असतं, आणि त्यांच्या मध्ये एक रिकामं आसन असतं. नाहीतर दोन पावलांचे ठसे, धर्मचक्र, बोधिवृक्ष. बुद्ध आहे, हे भोवतालच्या माणसांवरून कळायचं. आकृती नंतर आली. आपल्या अजिंठ्यातही नऊ आणि दहा क्रमांकाची जुनी लेणी पाहा. मधोमध स्तूप आहे, मूर्ती नाही. बुद्ध देहानं गेला, आता तो त्याच्या शिकवणीत आणि ती पाळणाऱ्या माणसांत शोधायचा, असा त्याचा अर्थ मला लागतो. टँकबंडवरचा तो रिकामा चौथरा आणि त्याकडे बोट दाखवणारी माणसं मला त्या शिल्पांत दिसली. मी बुद्ध पहिल्यांदा पाहिला तो जुन्या पद्धतीनंच पाहिला, असं म्हणायला हरकत नाही.

२००६ मध्ये दलाई लामा अमरावतीच्या कालचक्र सोहळ्यासाठी आंध्रात आले. त्याच वर्षी त्यांच्या हस्ते या मूर्तीची विधिवत प्रतिष्ठापनाही झाली. पुतळ्याची मूर्ती झाली, आता शास्त्रानंही. मामा तेव्हा नव्हते. ते २००४ मध्येच गेले.

त्या हिवाळ्यात मी माझ्या शाळेची सहल हैदराबादला नेली. गोवळकोंडा, चारमिनार, सालारजंग संग्रहालय, आणि संध्याकाळी लुंबिनी पार्क. तिथं उघड्या प्रेक्षागृहात लेझरचा खेळ व्हायचा. पाण्याच्या पडद्यावर रंगीत किरणं नाचायची. मुलं दिवसभर इतिहासानं कंटाळलेली असत, तिथं खूश होत. मी त्यांना बाकांवर ओळीनं बसवलं, मोजलं आणि मागं उभा राहिलो.

२५ ऑगस्ट २००७, शनिवार. संध्याकाळी त्याच लेझरच्या खेळाला त्याच बाकांमध्ये बाँब फुटला. थोड्याच वेळात कोठीच्या गोकुळ चाट या दुकानापाशी दुसरा. दोन्हीकडे मिळून चाळीसहून अधिक माणसं मेली. लुंबिनी पार्कमध्ये गेलेल्यांत आपल्या संगमनेरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे सात विद्यार्थी होते. सहलीला आलेली मुलं. दूरचित्रवाणीवर बातमी पाहताना मी बाकं ओळखली. माझी मुलं बसली होती ती. त्या रात्री सहलीला आलेल्या माझ्या विद्यार्थ्यांच्या घरून एकामागून एक फोन आले. कोणी काही विशेष बोललं नाही. "सर, पाहिलंत का?" एवढंच. मी "हो" म्हणायचो, आणि दोन्हीकडे शांतता. आमच्या आणि संगमनेरच्या मुलांत फरक काय, तर तारखेचा.

या खटल्याचा निकाल लागायला अकरा वर्षं गेली. सप्टेंबर २०१८ मध्ये विशेष न्यायालयानं दोघांना फाशीची आणि एकाला जन्मठेपेची शिक्षा सुनावली.

एक योगायोगही सांगून ठेवतो. १० मार्च २०११ ला वेगळ्या तेलंगणासाठी टँकबंडवर मोठा मोर्चा निघाला. त्यात आंध्रच्या थोर माणसांचे काही पुतळे फोडून तळ्यात फेकले गेले. तारीख पाहा, १० मार्च. एकवीस वर्षांपूर्वी त्याच दिवशी बुद्ध बुडाला होता. या खेपेला पुतळे बुडाले ते अपघातानं नव्हे, रागानं. तळ्यातल्या बुद्धाला कोणी हात लावला नाही. पुढे २ जून २०१४ ला तेलंगण राज्य झालं. तेलुगू अभिमानाचं प्रतीक म्हणून कृष्णा जिल्ह्यातल्या माणसानं कल्पिलेला, तेलंगणातल्या दगडाचा बुद्ध तेलंगणात राहिला.

अलीकडे, निवृत्तीनंतर, पुन्हा एकदा गेलो. आता काचीगुड्याला मीटरगेज नाही आणि मामांचं घरही नाही. तळ्याच्या काठाचा नकाशाच बदलला आहे. नवं सचिवालय झालं आहे, त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे. जवळच बाबासाहेबांचा १२५ फुटी पुतळा उभा आहे. १४ एप्रिल २०२३ ला त्याचं अनावरण झालं. तो घडवला आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी आणि त्यांचे चिरंजीव अनिल सुतार यांनी. उस्मानिया विद्यापीठानं १९५३च्या जानेवारीत बाबासाहेबांना डी.लिट. दिली होती. त्याला सत्तर वर्षं झाली त्या साली हा पुतळा उभा राहिला. काठावर बाबासाहेब आणि पाण्यात बुद्ध. हिंगोलीच्या आजोबांची आठवण आली. ते असते तर त्यांना चपला दोनदा काढाव्या लागल्या असत्या.

लुंबिनी पार्कच्या समोरच तेलंगणाच्या लढ्यात प्राण दिलेल्यांचं स्मारक झालं आहे. मोठ्या दिव्याच्या आकाराचं, चकचकीत पोलादाचं. जून २०२३ मध्ये ते खुलं झालं. ज्यांनी राज्यासाठी जीव दिला त्यांची आठवण राज्यानं ठेवली, हे योग्यच झालं.

मी नावेनं चौथऱ्यावर गेलो. या खेपेला ठरवून हिंडलो. मूर्तीला प्रदक्षिणा घालावी तसा भोवती फिरलो आणि लिहिलेलं काही दिसतं का ते पाहत गेलो. १० मार्च १९९० ला ज्यांचे जीव गेले, त्यांची नावं मला कुठं आढळली नाहीत. परत बागेत आलो. तिथंही हिंडलो. संगमनेरच्या मुलांची नावं माझ्या नजरेला पडली नाहीत. मुलं कारंज्यात भिजत होती. एक बाप मुलाला खांद्यावर घेऊन बुद्ध दाखवत होता. मी त्यांना काही सांगायला गेलो नाही. सुट्टीच्या दिवशी कोणाच्या पोराला असलं काय सांगायचं?

पण तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही कधीतरी जाल. आपल्याकडून हैदराबादला जाणारा माणूस ही मूर्ती बघितल्याशिवाय येत नाही. जरूर बघा. रात्रीच्या दिव्यांत ती सुंदर दिसते. मुलांना नावेत बसवा, आइस्क्रीमही द्या. मामांचं बरोबर होतं, गार हवेवर सगळ्यांचा हक्क आहे. फक्त नाव मूर्तीकडे जाऊ लागली की मध्ये कुठंतरी पाण्याकडे पाहा. याच पाण्यात काही कामगार गेले, बुद्धाला त्याच्या जागेवर पोचवता पोचवता. आणि जिथून तुम्ही नावेत चढलात त्या काठावर आपली सात मुलं गेली, खेळ बघता बघता.

हे तळं साडेचारशे वर्षांहून अधिक काळ ते बांधवून घेणाऱ्याच्या नावानं ओळखलं जातं. सुलतानाला जे जमलं नाही ते लोकांच्या तोंडानं झालं. तेव्हा सरकारनं पाटी लावण्याची वाट कशाला बघायची? मूर्ती दाखवताना तिची उंची सांगतो, वजन सांगतो, तसं हेही सांगू या. मामांनी मला रिकामा चौथरा दाखवून सांगितलं होतं, "तिथंच आहे की." मूर्ती दिसत नव्हती तरी तिथं आहे हे त्यांनी सांगितलं, म्हणून मला ती दिसली. जी माणसं आता दिसत नाहीत, त्यांच्याबद्दलही एवढंच करायचं आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)